कोरड्या टर्फवरचे तीन गोल

एखादा खेळाडू कसा वाटला असं विचारलं की गोलकी तीनच उत्तरं देत असे. ‘बरा आहे’ म्हणजे घरी पाठवा. ‘चांगला आहे’ म्हणजे त्याच्या आईचं तसं मत आहे. ‘ठेवा’ म्हणजे ठेवा. हॉकी क्लबच्या कचेरीत इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून चौथं उत्तर कुणी ऐकलं नव्हतं. असं उत्तर असू शकतं हे कुणाला, त्याला स्वतःलाही, सुचलं नव्हतं.

तरुणपणी तो याच क्लबचा गोलकीपर होता. पुढे गुडघे गेले आणि नाव तेवढं राहिलं. खरं नाव फक्त बँकेला आणि बायकोला ठाऊक होतं, आणि बायको ते घेत नसे. आता त्याचं काम पारखण्याचं. लहान गावांतल्या मैदानांवर जायचं, गोलच्या जाळीमागे उभं राहायचं आणि कोणत्या पोरात पाणी आहे ते क्लबला सांगायचं. बाकीचे निवडकर्ते बाजूच्या पायऱ्यांवर सावलीत बसत. गोलकी जाळीमागे उन्हात उभा राही. अंगावर येणारा माणूस कसा दिसतो, एवढंच आयुष्यानं त्याला नीट शिकवलं होतं.

क्लबचा एक जुना नियम होता. ज्यानं खेळाडू आणला, त्यानं पहिलं वर्ष त्याला आपल्या घरी ठेवायचं आणि जेवू घालायचं. पूर्वीच्या कुण्या अध्यक्षांनी तो केला होता. शिफारस करण्यापूर्वी माणसानं निदान बायकोचा तरी विचार करावा, हा त्यांचा हेतू. तो साध्य झाला होता. शिफारशी खूप कमी झाल्या होत्या.

गोलकीच्या घरी मुलीचं लग्न झाल्यापासून तिची खोली या कामी येत होती. कपाटावर तिनं चिकटवलेली फुलपाखरं अजून होती आणि पलंगही तिच्याच मापाचा होता, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक खेळाडूचे पाय बाहेर राहत. गोलकीची बायको सगळ्यांना ‘पाहुणा’ म्हणे. आधीच्यांपैकी एक पाहुणा मोठ्या क्लबात गेला, तो वर्षातून एकदा काकूंना फोन करी. दुसरा विमा विकू लागला. तो जास्त वेळा करी.

सध्याचा पाहुणा एकोणीस वर्षांचा होता, उंच, काटकुळा आणि कमी बोलणारा. गोलकीनं त्याला एका वीटभट्टीमागच्या मैदानावर पाहिलं. मैदान म्हणजे खडे, खळगे आणि मधोमध एक न हटवलेला दगड, ज्याला दोन्ही संघ आपापला खेळाडू समजत. त्या जमिनीवर चेंडू बेडकासारखा यायचा. बाकीची पोरं स्टिक जमिनीला टेकवायची आणि चेंडू तिच्यावरून उडून जायचा. हा पोरगा मात्र स्टिक बोटभर उचलायचा, किंचित थांबायचा, आणि उसळलेला चेंडू तिच्यावर येऊन असा निजायचा की जणू तिथंच यायला निघाला होता. गोलकीनं अर्धाच सामना पाहिला आणि पोराचं घर विचारलं.

घरी आई होती आणि मामा होता. मामा फरशा बसवायचा.

‘‘हॉकीत नाही जमलं तर माझ्या हाताखाली येईल,’’ मामा म्हणाला. ‘‘जमीन सपाट करायला पोरं मिळत नाहीत हो हल्ली.’’

गोलकीनं क्लबला फोन करून ‘ठेवा’ म्हणून सांगितलं.

क्लबचं मैदान निळ्या टर्फचं होतं, एखाद्या ऑफिसातल्या गालिचासारखं. प्रत्येक खेळाआधी कडेचे फवारे सुटत आणि टर्फ भिजवत, कारण ओल्या टर्फवर चेंडू उसळत नाही, जमिनीला चिकटून सुसाट सरकतो. पोरगा पहिल्या दिवशी त्यावर उतरला. चेंडू आला. पोरानं स्टिक बोटभर उचलली आणि थांबला. चेंडू खालून निघून गेला.

असं महिनोन् महिने चाललं. कधी अडायचा, बहुतेकदा जायचा. प्रशिक्षक पंचेचाळिशीचा, शिट्टी गळ्यात घालूनच जेवणारा माणूस. तो गोलकीला मान देत असे, पण तोंड आवरत नसे.

‘‘गोलकीदादा, तुमचा मुलगा चेंडूची वाट बघतो. चेंडूला सांगून ठेवलंय का तसं?’’

‘‘बघू.’’

‘‘हात मंद आहेत त्याचे. धावतो छान, स्वभाव छान. लग्नाच्या बाजारात खपेल. गोलपुढच्या डीमध्ये नाही.’’

गोलकीला ठरवता येत नव्हतं. हात मंद असले तर इलाज नाही, पोराला फरशांकडे पाठवायचं. ही नुसती सवय असली, तर गोष्ट वेगळी. पण दोन्ही गोष्टी जाळीमागून सारख्याच दिसत होत्या.

‘‘अहो, तो जेवतानाही थांबतो,’’ एकदा बायको म्हणाली. पोरगा स्टिक घासत अंगणात बसला होता. ‘‘वाडगा पुढे केला की आधी हात वर घेतो, मग धरतो. दोनदा माझ्या हातून सांडला.’’

‘‘हात मंद आहेत म्हणतात.’’

‘‘मंद कुठले? परवा फडताळावरून बरणी पडली, तर माझ्या किंकाळीआधी त्यानं झेलली. पडणारी वस्तू बरोबर झेलतो. सरळ दिलेलीच घेता येत नाही त्याला.’’

गोलकीनं हे ऐकलं आणि जेवणं चालू ठेवलं. जावयाबद्दलही बायकोनं असंच काहीतरी पहिल्या भेटीत ओळखलं होतं आणि त्यानं ते मानायला दोन वर्षं घेतली होती. घरातली पारख त्याच्या खात्यात येत नव्हती.

हंगामाच्या मध्यावर क्लबची बैठक असे. नव्या खेळाडूंना ठेवायचं की सोडायचं, ते तिथं ठरे. बैठकीच्या आदल्या दिवशी सराव सामना व्हायचा आणि अध्यक्ष स्वतः पाहायला यायचे. अध्यक्षांचा रंगाचा कारखाना होता. त्यांच्या कुठल्याही पांढऱ्या शर्टावर कुठेतरी एक ठिपका असे.

त्या सकाळी पंप बिघडला. पंपवाला त्याच्याखाली आडवा झाला होता आणि बाहेर दिसत होते फक्त त्याचे बूट. ‘‘होईल,’’ असं ते बूट मधूनमधून सांगत होते. झालं नाही. ऊन चढलं, अध्यक्ष आले आणि सामना कोरड्याच टर्फवर सुरू झाला.

पहिला चेंडू पोराकडे आला तो उसळत आला. पोरानं स्टिक बोटभर उचलली आणि थांबला. चेंडू तिच्यावर येऊन निजला. दोन पावलं, एक फटका, गोल.

नंतर आणखी एक झाला, आणि शेवटी तिसरा. तिसऱ्या वेळी तर संघातले चांगले, अनुभवी खेळाडू कोरड्या टर्फवर चेंडू चुकवत होते, एकाच्या तर नडगीवर बसला, आणि पोरगा त्यांच्यामधून असा फिरत होता जणू वीटभट्टी दिसतेय.

अध्यक्ष टाळ्या वाजवत मैदानात आले. प्रशिक्षकानं शिट्टी तोंडातून काढली.

‘‘गोलकी! काय पारख आहे हो!’’ अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ‘‘पहिल्या संघात घ्या म्हणतो मी. उद्या बैठकीत तुम्ही फक्त तुमचा तो एक शब्द उच्चारा.’’

गोलकी जाळीमागे उभा होता. त्याच्या पायाशी बिनथेंबाचा फवारा होता. हात मंद नाहीत हे त्याला कळलं. तीन गोल कशामुळे झाले, हेही कळलं.

घरी जाताना पोरगा पहिल्यांदाच त्याच्या बरोबरीनं चालला. एरवी एक पाऊल मागे असे.

‘‘कसं वाटलं आज?’’ गोलकीनं विचारलं.

‘‘घरच्यासारखं.’’

‘‘टर्फ कोरडा होता.’’

‘‘माहीत आहे, काका.’’

‘‘उद्या मी ते बैठकीत सांगणार आहे.’’

आता पोरगा थांबला. ‘‘कशाला?’’

‘‘नाही सांगितलं तर ते तुला पहिल्या संघात घेतील. पुढचा सामना ओल्यावर आहे. त्याच्या पुढचाही. हंगाम संपता संपता तुला हाकलतील, आणि तेव्हा कुणीच विचारणार नाही की हा मंद आहे की ही नुसती सवय आहे. मंद म्हणूनच जाशील.’’

‘‘तोवर सुटेल सवय.’’

‘‘पहिल्या संघात कुणी शिकवत नाही. तिथं सगळे शिकूनच आलेले असतात, निदान तसं दाखवतात.’’

‘‘आणि सांगितल्यावर त्यांनी उद्याच काढलं तर?’’

पोरगा पुढे निघून गेला. रात्रीचं जेवण त्यानं खोलीत मागवलं, बायकोनं ते नेऊन दिलं आणि परत येऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

‘‘पोराचं बरं झालेलं बघवत नाही का तुम्हाला?’’

‘‘झालेलं नाहीये अजून.’’

‘‘तो परत गेला तर आई काय म्हणेल त्याची?’’

‘‘आई काही म्हणणार नाही. मामा खूश होईल.’’

ती यावर हसली नाही. गोलकीनंही विनोद केला नव्हता.

बैठक कचेरीत भरली. भिंतीवर जुन्या संघांचे फोटो होते, त्यांपैकी एकात गोलकी गुडघ्यांसकट होता.

‘‘बोला,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘‘ठेवा’ म्हणा, की चहा सांगतो.’’

‘‘पंप बंद होता,’’ गोलकी म्हणाला.

‘‘कुठला पंप?’’

‘‘फवाऱ्यांचा. टर्फ कोरडा राहिला. कोरड्यावर चेंडू उसळतो. मुलगा उसळत्या चेंडूवर लहानाचा मोठा झालाय. कालचे तीन गोल त्यातून आले.’’

अध्यक्षांनी प्रशिक्षकाकडे पाहिलं. प्रशिक्षकानं शिट्टीकडे पाहिलं. ‘‘कोरडा होता खरा,’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटलं, पोराला सूर सापडला.’’

‘‘मग पंपालाच घेऊ संघात,’’ अध्यक्ष म्हणाले. कुणी हसलं नाही, म्हणून ते स्वतः हसले. ‘‘बरं. मग तुमचं काय म्हणणं? ‘बरा आहे’?’’

‘‘नाही.’’

‘‘‘चांगला आहे’?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ‘ठेवा’?’’

‘‘माहीत नाही,’’ गोलकी म्हणाला.

अध्यक्ष खुर्चीतून पुढे वाकले. ‘‘तब्येत बरी आहे ना?’’

‘‘बरी आहे. हात मंद नाहीत एवढं काल दिसलं. मंद असते तर कोरड्यावरही मंदच राहिले असते. ही सवय आहे. ती सुटेल की नाही, हे सांगता येत नाही. मी त्याला चुकीच्या जमिनीवर पाहून ‘ठेवा’ म्हणालो. ती चूक माझी. त्याला त्याबद्दल काढू नका. आणि कालच्याबद्दल चढवूही नका.’’

‘‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात,’’ प्रशिक्षक पुटपुटला.

‘‘एकोणीसचा आहे तो. पुरता जिता व्हायचाय अजून.’’

‘‘अहो, मी रंगवाला माणूस,’’ अध्यक्ष वैतागले. ‘‘रंग वाळला किंवा नाही वाळला, एवढंच मला कळतं.’’

‘‘तेच बघायला बोट लावलं, साहेब, की ठसा कायमचा राहतो.’’

अध्यक्षांनी आपल्या बाहीवरचा ठिपका पाहिला. मग चहा सांगितला.

पोरगा बाहेरच्या बाकावर, मोडक्या स्टिकांच्या पेटीशेजारी बसला होता. गोलकी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

‘‘दुसऱ्या संघात ठेवलंय. वर्षभर. मग पुन्हा बघतील.’’

‘‘काल पहिल्या संघात होतो मी.’’

‘‘हो.’’

‘‘तुम्ही बोलला नसता तर आजही असतो.’’

‘‘हो.’’

‘‘आणि राहायचं कुठं?’’

‘‘आमच्याकडेच. अध्यक्षांच्या मते तुझं पहिलं वर्ष आजपासून सुरू होतं.’’

पोरगा उठला आणि एकटाच निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो टर्फवर होता. पंप दुरुस्त झाला होता, आणि गोलकीनं पंपवाल्याला सांगून फवारे एरवीपेक्षा जास्त वेळ चालू ठेवायला लावले होते. टर्फवर पाणी चमकत होतं. गोलकी या वेळी जाळीमागे गेला नाही. गुडघ्यांना पट्टे बांधून तो पोराच्या समोर उभा राहिला आणि चेंडू ढकलू लागला. सरळ, सपाट, एकामागून एक.

‘‘स्टिक खाली.’’

चेंडू गेला.

‘‘खाली.’’

गेला. पोरानं स्टिक आपटली आणि एक शिवी हासडली, जी गोलकीला उद्देशून असावी.

‘‘शिवी ठीक आहे. स्टिक खाली.’’

असं ऊन-थंडीत चालत राहिलं. दुसरा संघ कधी जिंकला, बहुतेकदा हरला. सराव संपला की प्रशिक्षक कधीकधी कुंपणापाशी येऊन उभा राही, पण विनोद करत नसे. अध्यक्षांनी एकदा भेटल्यावर ‘‘वाळला का?’’ एवढंच विचारलं. गोलकीनं पुन्हा तेच चौथं उत्तर दिलं. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं.

एका संध्याकाळी तिघं जेवायला बसले होते. पोरगा त्या दिवशी एक गोल करून आणि बरेच चेंडू घालवून आला होता. काकूंनी वाडगा पुढे केला. पोराचा हात वर गेला नाही. सरळ खालून आला आणि त्यानं वाडगा अलगद घेतला. थेंबही सांडला नाही.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. ‘‘बघितलंत?’’

गोलकीनं बघितलं होतं. त्यानं घास संपवला, पाणी प्यायलं.

‘‘वाडगा आहे तो,’’ तो म्हणाला. ‘‘चेंडू जरा जोरात येतो.’’

पोरगा मान खाली घालून जेवत होता. ‘‘उद्या जोरात टाका मग,’’ तो म्हणाला.