बुडाशी चिरलेले कॅन

अमेरिकेत लेकीकडे गेले होते. सीमेलगतच्या वाळवंटातून लपतछपत येणारी माणसं तहानेनं मरू नयेत, म्हणून ती आणि तिचे सोबती वाटेत पाण्याचे कॅन ठेवून येतात. एकदा मीही गेले. मागच्या खेपेचे पांढरे कॅन काटेरी झुडपाखाली ओळीनं उभे होते, झाकणं घट्ट लावलेली. एक उचलला, तर हाताला वजनच लागेना. प्रत्येकाच्या बुडाशी चाकूनं चीर दिली होती.

कुणी प्यायलं नाही, कुणी नेलं नाही, नुसतं वाळूत जिरवलं! मेल्याचा हात तरी कसा धजावला? आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात, कोण-कुठला ते मग विचारतात. माणसावर वार करायचा तर समोर उभं राहावं लागतं. इथं पाण्यावर केला की भागतं.

संतापून मी तो कॅन भिरकावला. लेकीनं धावत जाऊन उचलून आणला.

"आई, रिकामा कॅन इथं सोडायचा नाही. लांबून तो भरलेलाच वाटतो. त्याच्याकडे बघत एखादा उरलंसुरलं बळ खर्चून चालत येतो."

झाकणं तशीच घट्ट का ठेवली होती, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.