खिशावरची लाल पाटी

“बाई, एक अक्षर बोलू नका!” असं ओरडत, दोन्ही कानांवर तळवे दाबून पन्नाशीचा एक गृहस्थ तुमच्यासमोरून तिरका तिरका पळाला, तर तुम्ही काय समजाल? मीही तेच समजले होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, हजेरी सांभाळणाऱ्या टाइम ऑफिसमध्ये मी नवीन होते. कंट्रोल रूममध्ये असा वेडा माणूस कसा काय ठेवलाय, असं मी शेजारच्या टेबलावर विचारलंसुद्धा.

“वेडे नाहीत हो. काल मॅच होती,” उत्तर आलं.

मॅच म्हणजे क्रिकेटची नव्हे. युरोपातल्या फुटबॉल क्लबांचा तो कप असतो ना, त्याची. तिकडे संध्याकाळी खेळतात, तेव्हा आपल्याकडे सगळं गाव झोपलेलं. भाऊंची कायम सकाळची पाळी. (त्यांना सगळे भाऊच म्हणत.) “डोळ्यांत झोप घेऊन बॉयलरच्या पडद्यांसमोर बसू नये,” हा त्यांचा नियम. म्हणून मॅचच्या दिवशी ते लवकर झोपायचे, पाळी करायचे, घरी जाऊन आंघोळ, चहा, आणि मग टीव्हीत भरून ठेवलेली मॅच अशी बघायचे जणू आत्ताच चाललीय. तोपर्यंत जगानं तोंड बंद ठेवायचं. मोबाइल आदल्या रात्रीच बंद.

आणि खिशाला लाल पाटी.

ही पाटी काय ते सांगते. आमच्याकडे एखादा माणूस यंत्राच्या दुरुस्तीला आत शिरला की त्या यंत्राच्या स्विचला लाल पाटी अडकवतात: ‘काम सुरू आहे. हात लावू नये.’ ज्यानं लावली त्यानंच काढायची. मोठा साहेब आला तरी त्याला हात लावता येत नाही, कारण आत कुणाचा तरी जीव असतो. अशीच एक जुनी, कोपरा मोडलेली पाटी भाऊ मॅचच्या सकाळी शर्टाच्या खिशाला लावून यायचे. चेष्टाच ती. पण आमच्या लोकांना पाटी पाळायची इतकी सवय, की तिच्यासमोर खरंच सगळे गप्प व्हायचे. चहावाला निकाल तोंडातच गिळून पुढे जायचा.

त्यांना खरी भीती होती ती माझी. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे महिन्याभरात सगळ्या केंद्राला कळलं होतं. “बाई, तुमची जीभ म्हणजे उघडी तार,” असं मला तोंडावर म्हणायचे. मी म्हणायचे, “भाऊ, मला त्या फुटबॉलातलं कळतंय काय डोंबल?” तर म्हणायचे, “कळत नाही तीच माणसं आधी सांगतात.”

मग त्यांनीच मला शिकवलं. बाद फेरीत दोन मॅच असतात, एक त्यांच्या मैदानावर, एक आपल्या. दोन्हींचे गोल एकत्र मोजायचे. बेरीज सारखी झाली तर अर्धा तास जादा, तरी सुटलं नाही तर पेनल्ट्या. हे सगळं चहाच्या कपबशा मांडून. शेवटी चहा गार.

त्यांची आक्का कळवणला राहायची. मोठी बहीण, शाळेत मास्तरीण होती, लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली तेव्हा भाऊंना तिनंच वाढवलं आणि फुटबॉलही तिनंच लावला. आक्काला झोप कमी, त्यामुळे ती मॅच थेट बघायची. म्हणजे निकाल तिला आधीच ठाऊक! पण दिवसभर गप्प. संध्याकाळी भाऊंची मॅच संपली की हे फोन लावायचे आणि मग दोघं तासभर भांडायचे. चुकून आधी लावला तर तिकडून एकच वाक्य यायचं: “आधी देख, मंग बोल.”

“तिच्या पोटात समुद्र मावेल, बाई,” भाऊ मला सांगायचे, “आणि तुमच्या पोटात पाणीपुरी मावत नाही.”

त्या वर्षी त्या दोघांचा लाडका हिरव्या जर्सीचा संघ पहिली मॅच तीन गोलांनी हरला. शून्याला तीन! भाऊ आठवडाभर सुतकात. “बाई, तीन केले तर बरोबरी. मग जादा वेळ. एवढंच मागणं आहे.” मी म्हटलं, “चार मागा की, मागायचंच तर.” ते हसलेसुद्धा नाहीत.

आणि दुसऱ्या मॅचच्या सकाळी मी कँटीनमध्ये शिरले तर काय! सगळे नुसते आ वासून बसलेले. ज्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही, तेही मोबाइल नाचवत होते. “चार! अहो बाई, चार मारले, खाल्ला एकही नाही! शेवटच्या मिनिटाला चौथा!” माझा विश्वासच बसेना. मी मागितले म्हणून काय खरंच द्यायचे? तेवढ्यात कुणीतरी हळूच म्हणालं, “भाऊ आले,” आणि सगळ्यांनी मोबाइल उपडे घातले. भाऊ खिशाला पाटी लावून, कानांवर हात ठेवून, आमच्या चेहऱ्यांकडेही न बघता भिंतीकडे तोंड करून चहा प्यायले. आम्ही हसू दाबून मेलो.

थोड्या वेळानं माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

“आक्काना भाऊ तठे शे का?” आक्काचा भाऊ तिथे आहे का, विचारत होती. बाईचा आवाज, रडवेला. आक्काची शेजारीण होती. आक्का सकाळी दाराशी पडलेली सापडली. दवाखान्यात नेलंय, श्वास चालू आहे, भाऊ भाऊ करतेय. “त्यांचा फोन लागत नाही हो. लवकर पाठवा.”

मी धावत सुटले. कंट्रोल रूमच्या दारात मला बघताच भाऊंनी कान झाकले. “बाई, नको! संध्याकाळपर्यंत दम धरा!” मी म्हटलं, “भाऊ, ऐका—” तर चार जण मध्ये आले. “बाई, पाटी दिसत नाही का? काय तुम्ही पण!” सगळे हसतायत हो! मी रडतेय आणि ते हसतायत. त्यांना वाटलं, फुटली शेवटी बाईंच्या तोंडातून मॅच.

मी त्यांच्यामधून घुसले आणि भाऊंच्या खिशावरची पाटी ओढून काढली. खिसाच फाटला. दुसऱ्यानं लावलेली पाटी तिथे कुणी कधी काढली नव्हती. भाऊंचे हात कानांवरून आपोआप खाली आले.

“आक्का दवाखान्यात आहे,” मी म्हटलं.

जीपमध्ये मीही बसले. वाटेत त्यांनी मोबाइल सुरू केला. बंद असताना येऊन गेलेल्या फोनचे मेसेज आले: लागोपाठ तीन, आक्काचे, पहाटे चारचे. भाऊंनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “ती मॅचनंतर कधी फोन करत नाही.” आम्ही कळवणला पोहोचलो तेव्हा आक्का गेली होती.

शेजारीण रडत रडत सांगत होती ते मला आजही ऐकवत नाही. पहाटे चारच्या सुमाराला आक्काच्या घरातून ओरडणं ऐकू आलं होतं. पण मॅचच्या रात्री आक्का ओरडायचीच. म्हणून कुणी उठलं नाही.

भाऊ कामावर परतले तेव्हा थेट माझ्या टेबलाशी आले. “बाई, साधी मॅच साडेतीनच्या आत संपते. जादा वेळ, पेनल्ट्या झाल्या तर चार वाजून जातात.” मी मान हलवली. “म्हणजे जादा वेळ झाला असेल, तर चार वाजता मॅच चालूच होती. मग ती गोलासाठी ओरडली असणार. न राहवून मला फोन केला असणार, नियम मोडून. हो ना? दुखणं मग नंतरचं.”

“आणि नसेल झाला तर?” असं मी विचारलं नाही. ते त्यांच्या चेहऱ्यावरच होतं.

त्यांनी हात पुढे केला. पाटी माझ्या खणात होती, ती दिली. त्यांनी ती नव्या शर्टाच्या खिशाला अडकवली आणि म्हणाले, “ती मॅच मी बघितलेली नाही. मला कुणी सांगायची नाही.”

आणि सांगतो कोण! सगळ्या केंद्राला माहीत होतं. चार गोल. तीन असते तर बरोबरी, जादा वेळ, सगळं त्यांच्या मनासारखं. चौथा झाला आणि मॅच वेळेत संपली. साडेतीनच्या आत. चार वाजता त्या टीव्हीवर ओरडण्यासारखं काही उरलं नव्हतं. ज्या गोलासाठी आम्ही कँटीनमध्ये नाचलो, तो गोल मला आता पाठीत बसल्यासारखा वाटतो. मेल्यांनो, तीनवर थांबायला काय झालं होतं?

नंतर भाऊंनी फुटबॉल बघितला नाही. मी त्यांच्यासमोर वर्षानुवर्षं बसले, डबा खाल्ला, साऱ्या जगाच्या चहाड्या केल्या. एवढं एक बोलले नाही. मला नाही वाटत मी दुसऱ्या कुणासाठी हे करू शकले असते.

निवृत्त होऊन ते कळवणला, आक्काच्याच घरात जाऊन राहिले. यंदा भाऊही गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तर बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती तेवत होती, आणि कोपऱ्यात आक्काचा जुना टीव्ही होता. त्याच्या बटणावर लाल पाटी, कोपरा मोडलेली.

भाऊंची मुलगी घर आवरत होती. “मावशी, पप्पांनी हे काय लावून ठेवलंय हो? इतकी वर्षं टीव्ही लावू दिला नाही,” असं म्हणत तिनं पाटीला हात घातला.

“राहू दे गं,” मी म्हटलं. “ज्यानं लावली त्यानंच काढायची असते.”