शॉकअप बदलण्याचे हमीपत्र

मी न्यायालयाबाहेर बसून अर्ज लिहितो. शाळा नववीतच सुटली. तरी माझ्या मसुद्यात खोट काढील असा वकील मला अद्याप भेटलेला नाही. एक नियम मी कटाक्षाने पाळतो. लिहिलेला कागद अक्षर न् अक्षर वाचून दाखवल्याविना मी कोणाची सही घेत नाही.

माझी मुलगी वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. एक जुनी मोटारसायकल घेऊन ती आपल्या मनाप्रमाणे घडवण्याचा तिला ध्यास लागला. गेल्या हिवाळ्यात तिने गाडीचे पुढचे शॉकअप काढून दुसऱ्या, वजनदार गाडीचे बसवायचे ठरवले. मुकुंदवाडीचा मिस्त्री राजी झाला, परंतु आधी कागद मागू लागला. ज्यानं पुढचं चाक धरलेलं असतं तेच बदलायचं, उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात नको, असे त्याचे म्हणणे.

हमीपत्राचे काम अर्थात माझ्याकडे आले. मी नकार दिला असता तर तिने ते दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतले असते, आणि ते मला सहन झाले नसते. तीन कलमे सरळ उतरली. चौथ्यात ‘जिवाचे बरेवाईट झाल्यास’ हे शब्द सवयीने हातानेच लिहिले. मग हात थांबला.

रविवारी सकाळी मिस्त्रीच्या गॅरेजात गाडी तयार होती. नवे शॉकअप त्या सडपातळ गाडीला उसने आणल्यासारखे दिसत होते. मी कागद वाचू लागलो आणि तिसऱ्या कलमावरून थेट तारखेवर आलो.

“पप्पा, चौथं राहिलं,” मुलगी म्हणाली.

“ते नेहमीचंच आहे.”

“मग वाचा की. नियम तुमचाच आहे ना?”

मी वाचले. तिने सही करून हेल्मेट चढवले. मी मागे बसतो म्हणालो, तेव्हा मिस्त्री हसला.

“चाचा, पहिल्या चक्करला एकट्याचंच वजन. तुम्ही बसले तर मला दुसरा कागद लागंल.”

गाडीचा आवाज वळणापलीकडे विरला. अशा वेळी माणसे देवाचे नाव घेतात. मला मात्र मसुदे सुचू लागले. मयत ही अविवाहित असून अर्जदार हे तिचे वडील आहेत. ते वाक्य मनातून खोडावे, तोवर पुढचे तयार होई. अशी वाक्ये मी कित्येक बापांसाठी लिहिली होती आणि लिहिता लिहिता चहाही प्यालो होतो.

ती परतली. ब्रेक दाबला की हँडल थरथरतं, म्हणाली. मिस्त्रीने पुढचे चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिले, हँडलखालचा नट आणखी आवळला आणि पुन्हा एक चक्कर मारून यायला सांगितले.

नव्या कागदाची गरज नव्हती. पहिलाच पुरेसा होता. तरीही मी तिला थांबवले आणि चौथे कलम पुन्हा वाचू लागलो, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. तिने इंजिन बंद केले व शेवटपर्यंत ऐकून घेतले. तेवढा वेळ तरी ती माझ्यासमोर होती.