चालत पाच मिनिटं

माझ्या लॅपटॉपवर 'राजीनामा' नावाची एक फाइल आहे. गेल्या वर्षभरात ती किती वेळा उघडली असेल, देव जाणे. 'माननीय सर, वैयक्तिक कारणास्तव' इथपर्यंत टाइप करते आणि नेमकं तेवढ्यात ऑफिसात काहीतरी घडतं. मग वाटतं, आधी हे लिहून ठेवू, नाहीतर विसरेन! असं करता करता फाइल सात पानांची झाली आणि राजीनामा अजून पहिल्याच ओळीत अडकलाय. मैत्रिणींना वाचून दाखवली तर म्हणाल्या, "अगं, हा राजीनामा दिलास तर ते तुला प्रमोशन देतील!"

तर आमचा धंदा म्हणजे कंपन्यांना ऑफिससाठी भाड्यानं जागा मिळवून देणं. वर्षापूर्वीपर्यंत आम्ही नारायण पेठेत दोन खोल्यांत बसायचो. मी राहते खडकीला. मेट्रोत बसायचं, मंडईला उतरायचं, दहा मिनिटं चालायचं, की ऑफिस. सुख म्हणजे काय हे तेव्हा कळत नव्हतं.

मग मेट्रोची लाइन धायरीच्या बाजूला वाढणार असं झालं. आमचे देवधर सर पेठेतच जन्मलेले. आवाज न चढवता समोरच्याला खाली बसवतात. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला तिकडे जा म्हणायचं आणि आपण इथे बसायचं, हे काही बरं दिसत नाही." आणि खांब पुरते उभे राहायच्या आत आम्ही धायरीला हजर! नवी कोरी सहा मजली इमारत, तळमजल्यावर आम्ही, वरचे सगळे मजले रिकामे. ते भरायचे, हेच आमचं काम. मेट्रो आपल्या वेगानं येत होती, घाई आम्हालाच झाली होती.

माझी अडचण एवढीच, की माझी मनू साडेतीन वर्षांची आहे आणि तिचं पाळणाघर खडकीत सात वाजता बंद होतं.

*

पहिल्याच आठवड्यात इमारतीचं ब्रोशर छापायचं ठरलं. त्यात एक ओळ हवीच: 'मेट्रो स्टेशनपासून चालत अमुक मिनिटं.'

"पण सर, स्टेशन कुठंय?" मी विचारलं.

"जिना जिथे उतरणार आहे ती जागा आहे ना? तिथून चालत या."

हातात मोबाइलचा स्टॉपवॉच घेऊन मी चालले. नऊ मिनिटं.

"पुन्हा."

पुन्हा चालले. साडेसात.

सरांनी चष्मा काढून पुसला. "अहो पल्लवी, पाळणाघर बंद व्हायला पाच मिनिटं उरलीत असं समजा आणि चाला."

मी कशी आले ते मला आठवत नाही. वाटेत एका हातगाडीवाल्याला धक्का लागला, ओढणी बॅरिकेडच्या तारेत अडकली, ती सोडवायला मी थांबलेसुद्धा नाही. चार मिनिटं पन्नास सेकंद!

सर म्हणाले, "बघा. पाचच आहेत. उगाच नऊ म्हणत होतात."

छापलं.

*

इमारत ज्यांच्या शेतावर उभी आहे ते तात्या. त्यांना बिल्डरकडून एक मजला मिळालाय, पण ते बसतात रस्त्याकडेला, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, दिवसभर मेट्रोचं काम बघत. मी खडकीहून निघायच्या आत त्यांचा फोन येतो. "ताई, कांद्यातला खांब उठला बगा!"

खांबांना नंबर आहेत, पण तात्यांना ते मान्य नाहीत. जिथे कांदा व्हायचा तिथला कांद्यातला. विहीर बुजवली तिथला विहिरीवरचा. गोठा होता तिथला म्हशीचा.

एकदा एक गिऱ्हाईक बॅरिकेडमध्ये रस्ता चुकलं आणि ऑफिसात फोन करत सुटलं. आम्ही दुसऱ्या फोनवर होतो. नेमके आत आलेले तात्या म्हणाले, "द्या हिकडं." आणि सांगून मोकळे झाले, "विहिरीचा सोडा, म्हशीपाशी उजवीकडं वळा, आलंच."

तो बिचारा पाऊण तास गाडी घेऊन फिरला. घामाघूम होऊन आत आला तो थेट तात्यांवर. "अहो काका, म्हैस कुठाय?"

तात्या शांतपणे म्हणाले, "म्हस इकून आठ वर्सं झाली."

*

साहिल आमच्यात सगळ्यात लहान, चोवीस वर्षांचा. त्याच्या मते ट्रॅफिक हा 'माइंडसेटचा इश्यू' आहे. एकदा तो रिक्षात अडकला आणि तिथूनच क्लायंटच्या व्हिडिओ कॉलला बसला. मागे पडदा दाखवायची सोय असते, त्यात त्यानं कॉन्फरन्स रूमचा फोटो लावला.

"येस सर, अ‍ॅम इन द ऑफिस ओन्ली!"

क्लायंट म्हणाला, "ऑफिस छान आहे. फक्त तुमच्या कॉन्फरन्स रूममध्ये एक बाई डोकं घालून 'गजरा घेता का' विचारतायत, त्यांना आधी उत्तर द्या."

साहिलनं गजरा घेतला. मला आणून दिला. मी तो मनूसाठी पर्समध्ये ठेवला आणि पाळणाघरात पोचेपर्यंत सात वाजून वीस मिनिटं झाली.

*

हे किस्से ऑफिसचे आहेत, पण पाळणाघराचा एक सांगायलाच हवा.

शैलाकाकूंचं पाळणाघर. तिथे उशिराचा दंड नाही, बोलणी नाहीत. पहिल्याच दिवशी काकू म्हणाल्या होत्या, "आम्ही काही म्हणत नाही हो कोणाला. सात वाजले की फक्त बूट घालतो."

म्हणजे काय हे मला धायरीला गेल्यावर समजलं. सात वाजेपर्यंत पोरं अनवाणी हुंदडत असतात. सातचा ठोका पडला, की जे मूल उरलं असेल त्याच्या पायात बूट, पाठीला दप्तर, आणि बसवायचं दारातल्या पायरीवर. शेजारी काकू. दोघंही रस्त्याकडे बघत. काकू एक शब्द बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं!

धायरीहून आधी बस नाहीतर शेअर रिक्षा, मग स्वारगेटहून मेट्रो, मग पळत. गल्लीच्या वळणावरून मला आधी बूट दिसायचे. गुलाबी, त्यावर ससा.

एके दिवशी मात्र कमाल झाली. रस्ता मोकळा, बस समोर उभी, मी पावणेसातला दारात! विजयी वीरासारखी आत शिरले, तर मनू बूट घालून, दप्तर लावून पायरीवर बसलेली. एकटीच.

"अगं, अजून सात नाही वाजले!"

"मला माहितीय," मनू म्हणाली. "तू उशिरा येणार होतीस ना, म्हणून मी घालून ठेवले."

काकू आतून म्हणाल्या, "मी नाही हो घातले."

त्या रात्री फाइलमध्ये मी 'वैयक्तिक कारणास्तव' पुढे स्वल्पविराम दिला. एवढीच प्रगती.

*

देवधर सरांना मी घाबरते, पण त्यांचं एक वाक्य फ्रेम करून लावावं असं आहे.

एक मोठी पार्टी आली होती. दोन मजले घेणार, जवळजवळ पक्कं. त्यांच्या साहेबांनी जाता जाता विचारलं, "बाय द वे, मेट्रो सुरू कधी होणार, नक्की तारीख?"

अशा वेळी काय बोलायचं हे मी साहिलकडून पाठ करून घेतलंय: 'व्हेरी सून सर.' मी तोंड उघडलंही. पण सर आधी बोलले.

"ते मला ठाऊक असतं, तर मी या जागा भाड्यानं देत बसलो नसतो. विकत घेतल्या असत्या."

पार्टी गेली ती गेलीच. सर म्हणाले, "गेले ते बरं झालं. फार प्रश्न विचारत होते." आणि मग, माझ्याकडे न बघता, "या तिमाहीत एक तरी मजला जायला हवा, पल्लवी. नाहीतर आपल्यापैकी कोणाला तरी घरी बसावं लागेल."

आता गंमत बघा. वर्षभर मला घरी बसायचं होतं. फाइल तयार होती. आणि सरांनी हे म्हटल्यावर मी लगेच चार जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले! मला नक्की काय हवंय हे जर कोणाला कळलं, तर कृपया मलाही कळवा.

*

गेल्या शनिवारचं सांगते आणि संपवते.

सबनीस मॅडम येणार होत्या, तीन मजले बघायला. दुपारी तीनची वेळ. शनिवारी पाळणाघर अर्धा दिवस, नवऱ्याची फॅक्टरीत दुसरी पाळी, म्हणून मनू माझ्याबरोबर ऑफिसात. मॅडम आल्या सव्वासहाला.

बसल्या नाहीत. पर्समधून ब्रोशर काढलं आणि त्या एका ओळीवर बोट ठेवलं. "चालत पाच मिनिटं. चला, चालून बघू."

सर म्हणाले, "पल्लवी दाखवतील. त्यांनीच मोजलंय."

मनू मला सोडेना. म्हणून आम्ही तिघी निघालो. जिना उतरणार त्या जागेपासून मॅडमनी घड्याळ लावलं. मी पाऊल उचलणार तेवढ्यात मनूला कुत्र्याचं पिल्लू दिसलं. मग क्रेन. मग कांद्यातला खांब, त्याला हात लावायचा होता. मग विहिरीवरचा, त्यालाही, नाहीतर त्याला वाईट वाटलं असतं. मग तात्या भेटले, त्यांनी खुर्चीतून उठून तिला म्हशीचा खांब दाखवला आणि मनूनं विचारलं, "म्हैस आत आहे?" मी घामानं भिजले होते. मॅडम काहीच बोलत नव्हत्या, अगदी शैलाकाकूंसारख्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये पोचलो. सर वाट बघत उभे. तात्याही मागोमाग वर आले.

मॅडमनी घड्याळ बघितलं. "एकवीस."

त्यांनी ब्रोशर पुन्हा उघडलं.

"मग ही पाच कोणी चालली?"

"मीच," मी म्हणाले. "पाळणाघर बंद व्हायला आलंय असं समजून."

सर खाकरले. मॅडमनी ब्रोशर मिटलं. मग म्हणाल्या, "माझा मुलगा सहावीत आहे आता. पाच काढा. एकवीस छापा आणि मग मला पाठवा."

सरांना राहवेना. "एकवीस छापलं तर कोण येणार आहे, मॅडम?"

"मी."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी पेठेतल्या माणसाला शोभेल असं विचारलंच, "कधी?"

"मेट्रो कधी?" मॅडम म्हणाल्या.

आम्ही सगळे खिडकीकडे वळलो. बाहेर शेवटच्या, म्हशीच्या खांबावर माणसं चढून वरचा काँक्रीटचा माथा बसवत होती.

तात्या म्हणाले, "म्हशीला आज टोपी घातली."

मनूनं माझा कुर्ता ओढला. "आई, सात वाजले?"

मी घड्याळ बघितलं. "वाजले गं."

ती तिथेच फरशीवर बसली, एकेक करून दोन्ही बूट काढले आणि भिंतीशी नीट जोडून ठेवले.