ग्रीसचे हाडवैरी

माझ्या वडिलांच्या एका दोस्ताइतका ग्रीस नावाच्या वंगणाचा हाडवैरी अख्ख्या पुण्यात सापडणार नाही, आणि त्या वैरापायी माझ्याइतका छळ कुणी सोसला नसेल. त्यांना आम्ही चाचा म्हणतो. कसबा पेठेत त्यांचं बंदूक दुरुस्तीचं पिढीजात दुकान. आता बंदुकांपेक्षा कुलपंच जास्त येतात, पण तोरा तोच. वडील गेल्यावर त्यांची दुनळी बंदूक रीतसर माझ्या नावावर झाली, तेव्हा मी ती साफ करून, ग्रीस लावून मोठ्या कौतुकानं दाखवायला नेली. चाचांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि माझ्या इस्त्रीच्या बाहीला पुसलं! "आपण बंदूक आणलीत की मिसळ? आधी तर्री पुसा. ग्रीस म्हणजे धुळीला आवतण." त्यांच्या मते तेलाचा एकच थेंब, तोही फडक्यावर, आणि लगेच दुसऱ्या फडक्यानं पुसून टाकायचा. एकदा चहाला आले आणि आमच्या दाराच्या बिजागऱ्या रुमालानं कोरड्या करून गेले. दार किंचाळू लागलं. मी तक्रार केली, तर म्हणाले, "कुरकुरू द्या. धूळ तर धरत नाही ना?" बायको मात्र आठवडाभर माझ्यावरच धुमसत होती.

मग निवडणूक आली आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. चाचांनी त्यांच्या वडिलांनी स्वतः घडवलेली एकनळी पुसून पुसून लखलखीत कोरडी केली. मी निव्वळ चिडून माझ्या दुनळीला अर्धा डबा ग्रीस थापलं. रांगेत ते पाहून चाचा हवालदाराला म्हणाले, "लोणी लावलंय यांनी. मांजरापासून जपा." सगळी रांग हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

निवडणूक लांबली, बंदुका पावसाळाभर कोठीत राहिल्या. परत मिळाली तेव्हा माझ्या दुनळीवर धुळीचा जाड थर होता. "म्हटलं नव्हतं?" चाचांनी सुरुवात केली. मी फडकं फिरवलं. खाली लोखंड जसंच्या तसं. मग त्यांची एकनळी आली. नळीवर तांबडा गंज, आणि त्यांच्या वडिलांनी कोरलेलं स्वतःचं नाव निम्मं खाल्लेलं. चाचा त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. "धूळ पुसली की जाते, बेटा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबी घेऊन आले आणि आमच्या बिजागऱ्यांना ग्रीस लावून गेले. दार आता आवाज करत नाही. चाचाही करत नाहीत, आणि याचाच मला जास्त संताप येतो. परवा मी ग्रीसनं बरबटलेली दुनळी मुद्दाम त्यांच्यापुढे ठेवली आणि इस्त्रीची बाहीसुद्धा पुढे केली. त्यांनी बोट फिरवलं आणि आपल्याच फडक्याला पुसलं.