साडूभाऊंच्या नळीतला उजेड

कुठल्याही गोष्टीचा उपयोग काय, असं विचारलेलं अजिबात न खपणारा माणूस मी अख्ख्या सुरतेत एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. सुरत म्हणजे झोपेतसुद्धा कापडाचा भाव सांगणारं गाव. तिथे साडूभाऊ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि उरलेला वेळ डिंडोलीतल्या घराच्या मागच्या खोलीत घालवायचे. एका काचेच्या नळीतली हवा उपसायची, तिच्यात वीज सोडायची आणि टक लावून बसायचं. नळीत जांभळट उजेड पडे आणि कधीकधी त्या उजेडाचे आपोआप पट्टे होत. ते का होतात, एवढाच त्यांच्या आयुष्याचा प्रश्न. विजेने असा पेटलेला वायू म्हणजे प्लाझ्मा, हे त्यांनी मला माझ्याच लग्नाच्या पंगतीत, जिलेबी वाढत असताना समजावलं होतं. घरातली ट्यूबलाइट फडफडली की आम्ही स्टार्टर फिरवायचो. साडूभाऊ हातातला घास ठेवून तिच्याखाली जाऊन उभे राहायचे. हजीऱ्याच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा भाचा आला की त्याला पाण्याच्या आधी ठिणगीचा रंग विचारायचे.

नव्वदच्या दशकात कधीतरी त्यांना कळलं की सरकार मूलभूत संशोधनाला अनुदान देतं. तेव्हापासून नाक्यावरच्या एसटीडी बूथवाल्याला दिल्लीचा नंबर तोंडपाठ झाला. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरने हवा उपसलेल्या नळीत पट्टे धड टिकत नव्हते, चांगला पंप हवा होता. इकडे अक्काने, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्या थोरल्या मेव्हणीने, आपल्या खानदेशी बोलीत बजावलं होतं, "पैसा उना ते खोली तुमनी, नही उना ते भाडेकरूनी." तिने नवं कुलूपसुद्धा आणून ठेवलं होतं. मी आपला व्यवहारी माणूस. म्हटलं, "साडूभाऊ, याने साडीचा रंग पक्का होतो असं लिहून टाका ना." मी त्यांना परीक्षेत कॉपी करायला सांगितल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले.

शेवटी दिल्लीहून एक शास्त्रज्ञ पाहणीला येणार असं ठरलं. अडचण अशी की शेजारच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, माग सुरू असले की गल्लीची वीज कमीजास्त होई आणि पट्टे विस्कटत. साडूभाऊ भीतभीत तिथे गेले. कारागिरांची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर, माग थांबला की मजुरी थांबली. पण मुकादम म्हणाला, "सर, तुमना पाव्हणा तो आमना पाव्हणा. माग बंद ठेवसूत." शेठची समजूतही त्यानेच काढली. ठरल्याप्रमाणे पाहुणे आले, माग थांबले, नळीत पट्टे उमटू लागले. पण माग थांबून वीज सुधारली की हातासरशी कामं उरकून घ्यायची ही आमच्या गल्लीची हाडीमाशी खिळलेली सवय. पाण्याच्या मोटरी, इस्त्र्या, पीठ दळायच्या घरघंट्या, सगळं एकदम सुरू झालं. पट्टे थरथरले आणि गेले. तेवढ्यात कारागिरांनी आत येऊन खानदेशी रीतीने पाहुण्यांना टॉवेल-टोपी घातली, हातात नारळ दिला. पाहुणे सभ्य होते. टोपी सावरत त्यांनी विचारलं, "प्रोफेसरसाहब, इसका उपयोग क्या होगा?" मी त्यांच्या मागे उभा राहून त्यांच्याच खांद्यावरच्या टॉवेलकडे बोट दाखवत होतो: कापड म्हणा, कापड. साडूभाऊंनी मला बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "मालूम नहीं. मालूम होता तो ढूँढता क्यों?"

अनुदान आलं नाही. ट्यूबलाइट फडफडली तरी साडूभाऊ मान वर करेनात. दिवाळीनंतर भाडेकरू सामान घेऊन दारात आला. त्या दिवशी मागांची सुट्टी होती. त्याच्या मागोमाग मुकादम आणि कारागीर आले, अंघोळ करून, केस चापून. "सर, त्या दिन धड दिसनं नही. आज सुट्टी शे. पट्टा दखाडा." अक्का पदर खोचून बाहेर पडली आणि घरोघरी जाऊन मोटरी बंद करवून आली. खोलीत अंधार केला, पट्टे आले आणि टिकले. सगळे टक लावून बघत होते. उपयोग कोणीच विचारला नाही. अक्का दारात गेली आणि भाडेकरूला म्हणाली, "खोली भरेल शे, भाऊ."

साडूभाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. पट्टे का होतात हे त्यांना शेवटपर्यंत पुरतं कळलं नाही. मला त्यांची फार आठवण येते. घरातली ट्यूबलाइट फडफडायला लागली की बायको स्टार्टर बदला म्हणून मागे लागते. बदलतो म्हणतो, आणि हातातला घास ठेवून थोडा वेळ तिच्याखाली उभा राहतो.