दोर न लावलेला राजा

काल नातीच्या शाळेसाठी चिंचोक्याची खळ शिजवली आणि त्या वासासरशी मी केनवडच्या आमच्या ओसरीत पोचले.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पटकीच्या साथीत नवरा जाऊन चार महिने झाले होते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करत. नजर गेल्यापासून त्यांच्या बाहुल्या माझा नवराच कोरायचा. एका सकाळी त्यांनी त्याची पटाशी माझ्या हातात दिली.

"शिक बाई. आता तुह्याशिवाय कोन हाय?"

पांगाऱ्याचं लाकूड मऊ असतं, तरी तीन ओंडके मी वाया घालवले. चौथ्यातून राजाचा चेहरा निघाला. खळीत कागद भिजवून मी तो मढवला, वाळवला आणि मामाजींच्या हातात दिला. त्यांची बोटं कपाळावरून नाकावर आली, हनुवटीशी थांबली आणि पुन्हा वर गेली.

"याले दोर लावू नको," ते म्हणाले.

"काहून मामाजी? चुकलं काय?"

"नाई. दुसरा कर."

मला फार लागलं. आपल्याला हे जमणार नाही, असंच वाटलं. तरी दुसरा राजा केला आणि खेळात तोच नाचला.

मामाजी गेले तेव्हा तो पहिला चेहरा त्यांच्या पासोडीत गुंडाळलेला सापडला. दारात उजेडाला धरून मी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं. नाक माझ्या नवऱ्याचं होतं, हनुवटीही त्याचीच. मी ते कोरलं होतं, पण मला दिसलं नव्हतं. आपल्या पोराला दोरावर नाचवणं मामाजींना जमलं नसतं.